नवी आवृत्ती आणि जुनी बोटे

वार्धक्यातील तक्रारींची जी यादी आम्हा डॉक्टरांच्या मनात कायमची तयार असते, तीत गुडघेदुखी, मधुमेह, रक्तदाब, निद्रानाश आणि बद्धकोष्ठता यांचे स्थान अढळ आहे. अलीकडे त्या यादीत एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. ती बहुधा रुग्ण स्वतः सांगत नाही. तपासणी संपवून तो चपला घालीत असतो, तेवढ्या वेळात मुलगा किंवा सून पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणते, ‘‘डॉक्टर, हल्ली यांना संगणकावर साधे पत्रही लिहिता येत नाही. इतकी वर्षे लिहीत होते. विसरायला लागलेत की काय, अशी भीती वाटते.’’

या भीतीत तथ्य असू शकते, म्हणून ती मी कधी हसण्यावारी नेत नाही. मात्र माझा पहिला प्रश्न आता रुग्णाविषयी नसतो. मी विचारतो, ‘‘गेल्या काही महिन्यांत घरातला संगणक किंवा त्यातले लिहिण्याचे सॉफ्टवेअर बदलले आहे का?’’ बरेचदा उत्तर येते, ‘‘हो, दिवाळीत नवीन आणले. जुने फारच संथ झाले होते.’’ हे सांगताना त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, असे सांगणाऱ्याच्या मनातही आलेले नसते.

हा प्रश्न विचारण्याची सवय मला माझ्या दवाखान्यातील अनुभवाने लावली. तेथील संगणक अकरा वर्षांचा झाला होता. त्यावर मी तीन प्रकारचे लेखन करीत असे: तज्ज्ञांकडे रुग्ण पाठविताना द्यावयाची पत्रे, वैद्यकीय दाखले आणि मधुमेह, रक्तदाब, दमा यांच्या रुग्णांसाठी मोठ्या अक्षरांतील मराठी माहितीपत्रके. ते यंत्र एके दिवशी कायमचे बंद पडले. नवे आले आणि त्याबरोबर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीही आली. जुन्या आवृत्तीत पडद्याच्या माथ्यावर शब्दांची एक ओळ असे. एखाद्या शब्दावर टिचकी मारली की खाली आज्ञांची यादी उलगडे. नव्या आवृत्तीत त्या ओळीच्या जागी लहानलहान चित्रांचा एक रुंद पट्टा होता. आज्ञा सर्व होत्या, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक होत्या. पण त्यांतील एकही आपल्या जागी नव्हती. फाइल जतन करावयास गेलो, तर यंत्र ती आपल्याजवळ ठेवण्याऐवजी इंटरनेटवरील साठ्यात ठेवू पाहत होते आणि त्यासाठी ई-मेलचा पत्ता व पासवर्ड मागत होते.

दुसऱ्याच सकाळी छातीत दुखत असलेला एक रुग्ण आला. ईसीजी काढला, ॲस्पिरिनची गोळी चघळावयास दिली, रुग्णवाहिका बोलावली. सोबतच्या पत्रासाठी मी संगणकाकडे वळलोही नाही. लेटरहेडवर हाताने चार ओळी लिहिल्या आणि रुग्णाला रवाना केले. नेहमी ज्या साधनाकडे लक्षही द्यावे लागत नसे, ते त्या घटकेला भरवशाचे राहिले नव्हते.

त्याच आठवड्यातील दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांसाठीचे माझे माहितीपत्रक नेमके एका पानात बसते. त्याच्या शेवटच्या चार ओळी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. रक्तातील साखर एकाएकी उतरल्याची लक्षणे त्यांत दिली आहेत: घाम, थरथर, धडधड आणि गोंधळल्यासारखे होणे. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, ही सूचनाही तेथेच आहे. नव्या यंत्रात जुना फॉन्ट नव्हता. सॉफ्टवेअरने न विचारता त्या जागी दुसरा लावला. त्याची अक्षरे किंचित रुंद होती, त्यामुळे त्या चार ओळी घसरून दुसऱ्या पानावर गेल्या. पहिलीच प्रत छापून होताच आमच्या कंपाउंडरांच्या ते लक्षात आले आणि मजकूर पुन्हा एका पानात आणला गेला. घरी नेलेल्या कागदांपैकी पहिले पान भिंतीवर चिकटविले जाते आणि दुसरे रद्दीत जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या चार ओळींचे मोल सांगावयास नको.

त्या पंधरा दिवसांत मी चिडत होतो, एकाच आज्ञेसाठी चार ठिकाणी टिचक्या मारीत होतो आणि कालच सापडलेली गोष्ट आज पुन्हा शोधीत होतो. मी पन्नाशीत असल्यामुळे माझ्याविषयी कोणाला शंका आली नाही. ‘नवीन सॉफ्टवेअर आहे, त्रास होणारच,’ असे सर्वांनी समजून घेतले. याच खुणा पंचाहत्तरीच्या माणसात दिसल्या असत्या, तर घरच्यांनी त्यांना वेगळे नाव दिले असते.

बोटांची स्मृती

स्मृती ही एकच एक पेटी आहे, असा आपला समज असतो. वास्तवात तिचे निरनिराळे प्रकार आहेत आणि मेंदूतील त्यांची ठिकाणेही निरनिराळी आहेत. काल कोण आले होते, हे आठवणे ही एक स्मृती. सायकल चालविणे, भाकरी थापणे, पेटी वाजविणे, टंकलेखन करणे ही दुसरी. तिला कौशल्याची स्मृती म्हणता येईल. ती शब्दांत सांगता येत नाही, करून दाखविता येते. रोज टंकलेखन करणाऱ्याला ‘क’ कोठे आहे असे विचारले, तर तो क्षणभर अडखळतो आणि मग बोट हलवून पाहतो.

या भेदाचे वैद्यकशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील हेन्री मोलेसन. अपस्माराच्या तीव्र झटक्यांसाठी १९५३ साली त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्यांची शक्ती जवळजवळ नाहीशी झाली. भेटलेला माणूस थोड्याच वेळात त्यांना अनोळखी होत असे. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्यास दिली. हे काम कोणालाही प्रथम अवघडच जाते. दिवसेंदिवस मोलेसन यांचा हात त्यात तयार होत गेला. मात्र आपण हे पूर्वी केले आहे, याची त्यांना प्रत्येक वेळी काहीच आठवण नसे. हाताने शिकलेले आणि मनाने आठवलेले या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

कौशल्याची स्मृती फार टिकाऊ असते. मात्र तिची एक अट आहे: भोवतालची मांडणी तीच राहिली पाहिजे. टंकलेखनयंत्राच्या इंग्रजी कळांची मांडणी क्रिस्टोफर शोल्स यांच्या यंत्रातून १८७० च्या दशकात रूढ झाली आणि आजही आपल्या संगणकांवर ती बहुतांशी तशीच आहे. त्यामुळे एकदा बसलेला हात जन्मभर कामी येतो. याउलट, लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची मांडणी काही वर्षांनी पालटते. अशा वेळी जुने कौशल्य केवळ निरुपयोगी होत नाही, ते आड येते. हात सवयीने जुन्या जागी जातो, तेथे भलतेच काही उघडते, मन गोंधळते आणि पुढचे पाऊलही चुकते. ज्याला आधी काहीच येत नव्हते, त्याला नवी मांडणी शिकणे सोपे जाते. जो जुन्या मांडणीत तरबेज होता, तो अधिक अडखळतो. म्हणून अशा वेळचे अडखळणे हे मेंदू दुबळा झाल्याचे लक्षण असेलच असे नाही. पूर्वीचा हात चांगला तयार होता, याचीही ती खूण असू शकते.

वयाचा परिणाम होतो, हेही खरे. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन भाग कल्पिले: नवा प्रश्न झटपट सोडविणारी प्रवाही बुद्धी आणि अनुभवातून साचलेली, शब्दसंपत्ती व जाण यांची स्थिर बुद्धी. पहिली वयाबरोबर मंदावते. दुसरी उतारवयातही दीर्घकाळ चांगली राहते. त्यामुळे सत्तरीतील माणूस पत्रातील मजकूर उत्तम लिहितो, पण ते पत्र छापावयाचे चिन्ह शोधताना थकतो. त्याला शिकता येते. वेळ आणि पुनरावृत्ती मात्र अधिक लागते.

आप्पांचे चार महिने

माझे एक रुग्ण आहेत. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांची हकीकत सांगतो. त्यांना आपण आप्पा म्हणू. वय ७६. सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी टंकलेखनाच्या वर्गाला जाऊन मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला होता. दहा वर्षे पत्रे पाठवून, गावोगाव जाऊन त्यांनी माहिती जमविली आणि ती जुन्या संगणकावर स्वतः टंकलिखित केली.

एके दिवशी त्यांच्या सूनबाई त्यांना घेऊन आल्या. आप्पांनी तीन-चार महिन्यांपासून लिहिणे सोडले होते. दुपारी झोपून राहत. जेवणात लक्ष नव्हते. ‘‘स्वतःच्याच फाइली यांना ओळखू येत नाहीत, डॉक्टर. ‘हे माझे नव्हे’ असे म्हणतात,’’ सूनबाई म्हणाल्या. मी आप्पांकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते.

‘‘आप्पा, संगणक नवा घेतलात का?’’

‘‘मी नाही घेतला. मुलाने आणला. चांगला आहे म्हणतात.’’

रक्तदाब पाहिला, चष्मा पाहिला, औषधांची यादी तपासली. मग स्मृतीची चाचणी घेतली. १९७५ साली प्रसिद्ध झालेली ३० गुणांची ही चाचणी जगभर वापरली जाते. तीत तारीख, ठिकाण, वजाबाकी, तीन शब्द लक्षात ठेवणे असे प्रश्न असतात आणि एक प्रश्न असा असतो की, रुग्णाने मनाने कोणतेही एक वाक्य लिहावे. आप्पांना २८ गुण मिळाले. त्यांनी लिहिलेले वाक्य होते: ‘अक्काकडून नावे विचारून घ्यावयाची राहिली आहेत.’

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, वय ८८. कुलवृत्तांतात पुरुषांच्या पिढ्या आलेल्या होत्या. परंतु लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलींची माहेरची नावे कोठेच नोंदलेली नव्हती. ती सारी अक्कांच्या तोंडी होती. आप्पा त्यांच्या गावी जाऊन एकेका घराची नावे उतरवून आणीत आणि टंकलिखित करीत. संगणक बदलला आणि ते काम थांबले.

पुढच्या आठवड्यात रक्तदाब पाहण्याच्या निमित्ताने मी त्यांच्या घरी गेलो. आप्पांनी फाइल उघडून दाखविली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, चिन्हे आणि आकडे यांची खिचडी होती. ‘हे माझे नव्हे’ या वाक्याचा अर्थ तेव्हा उलगडला.

अनेक मराठी घरांत हा प्रकार घडलेला असेल, म्हणून त्याचे कारण सांगतो. जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१ साली आली आणि तीत देवनागरी होती. परंतु ती सर्वसामान्य वापरात यावयास पुढे बराच काळ लागला. तोवरचे अनेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागा उसन्या घेत. संगणकाच्या लेखी तेथे इंग्रजी अक्षरेच असत. फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देई. नव्या यंत्रात तो फॉन्ट नसला की ते रूप गळून पडते आणि खालची निरर्थक अक्षरे उघडी पडतात. मजकूर नाहीसा झालेला नसतो, पण तसे सांगणारे शेजारी कोणी नसेल तर माणसाला दहा वर्षांचे काम वाया गेले असेच वाटते. आप्पांना तेच वाटले होते. आपल्या हातून काहीतरी पुसले गेले, अशी त्यांची समजूत झाली होती आणि मुलाने प्रेमाने आणलेल्या वस्तूविषयी तक्रार करणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते.

दुसरी अडचण कळांची होती. टंकलेखनयंत्रावरील मराठी कळांची रचना, जिला रेमिंग्टन म्हणतात, त्यांच्या बोटांत होती. नव्या यंत्रात मराठीसाठी निराळीच रचना लावलेली होती. ‘क’ साठी बोट टेकावे तर भलतेच अक्षर उमटे.

मी नावाजलेला संगणकतज्ज्ञ नाही. आमच्या दवाखान्याचा संगणक पाहणाऱ्या तरुणाला मी त्यांच्याकडे पाठविले. त्याने जुना फॉन्ट मिळवून बसविला. फाइल वाचता येऊ लागली. युनिकोडसाठीही रेमिंग्टनची कळरचना मिळते, ती त्याने लावून दिली. मी त्या वेळी तेथे होतो. आप्पांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा सारखा केला आणि घरचा पत्ता टंकलिखित केला. कळांकडे एकदाही न पाहता, पन्नास वर्षांपूर्वीच्या वेगाने. सूनबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना वेगळे काही सांगण्याची गरज उरली नाही.

सारे पूर्ववत झाले, असे मात्र म्हणता येत नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलताना ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार आपल्या जागा सोडून गेले, जोडाक्षरे फुटली. आप्पा रोज दोन पाने हाताने दुरुस्त करतात. याहून मोठे नुकसान भरून येण्याजोगे नव्हते. त्या चार महिन्यांत अक्का घरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि त्या दुखण्यानंतर त्यांचे बोलणे पूर्वीसारखे राहिले नाही. आप्पा पुन्हा वही घेऊन गेले, तेव्हा काही दुपारी त्यांना सारे लख्ख आठवे, काही दुपारी आठवत नसे. बहुतेक नावे मिळाली. दोन घरांतील मुलींच्या नावांचे रकाने रिकामे आहेत आणि ते तसेच राहतील.

डोळे, मान आणि हात

संगणकावरील प्रत्येक अडचण स्मृतीची असते असे मानण्यापूर्वी शरीराकडेही पाहिले पाहिजे. चाळिशीनंतर जवळचे पाहण्यासाठी चष्मा लागतो, तो पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे सुमारे ३५ ते ४० सेंटिमीटरसाठी दिलेला असतो. संगणकाचा पडदा त्याहून लांब, ५० ते ७० सेंटिमीटरवर असतो आणि डोळ्यांच्या समोर असतो. दुहेरी काचेच्या चष्म्यात जवळचा भाग खालच्या बाजूस असल्याने वृद्ध माणूस हनुवटी वर करून पाहतो. अर्ध्या तासात मान भरून येते. पडदा थोडा खाली घेणे, किंवा नेत्रतज्ज्ञांना सांगून संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेणे, हा यावरचा उपाय आहे.

मोतीबिंदू वाढत असेल तर अक्षरे लहान आहेत म्हणून दिसत नाहीत असे नसते. पांढऱ्यावरील फिकट करडी अक्षरे पार्श्वभूमीतून वेगळी निघत नाहीत, ही खरी अडचण असते. नव्या सॉफ्टवेअरमध्ये अशी फिकट चिन्हे पुष्कळ आढळतात. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे २० फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे, हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे.

हाताचा कंप हेही एक कारण असते. माउसने पटकन दोन टिचक्या मारताना हात हलला, तर फाइल उघडण्याऐवजी सरकून भलत्याच ठिकाणी जाते आणि मग ‘हरवते’. दोन टिचक्यांतील अंतर संगणकाच्या सेटिंगमध्ये वाढविता येते. कंप नव्याने सुरू झाला असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा विकार, दम्याची काही औषधे, कंपवात अशी त्याची अनेक कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपचार निराळा असतो.

काळजी केव्हा करावी?

घरच्यांनी एक साधा भेद लक्षात ठेवावा. वस्तू बदलली आणि अडखळणे सुरू झाले, तर प्रथम वस्तूकडे पाहावे. वस्तू तीच आहे, स्वयंपाकघर तेच, रस्ता तोच, आणि तरीही सवयीचे काम चुकू लागले, तर माणसाकडे पाहावे. नेहमीच्या बाजारातून घरी येताना वाट चुकणे, तोच प्रश्न थोड्या-थोड्या वेळाने विचारणे, सुट्या पैशांचा हिशेब न जमणे, वर्षानुवर्षे केलेल्या पदार्थाची कृती मध्येच तुटणे, ही स्मृतिभ्रंशाची सूचना असू शकते. त्याची तपासणी अवश्य करावी, कारण काही कारणे बरी होण्याजोगी असतात: ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंद गती, नैराश्य, कमी ऐकू येणे, झोपेच्या गोळ्या. आप्पांच्याही रक्ताच्या या तपासण्या मी करून घेतल्या होत्या.

आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. काल लिहिता-वाचता येत होते आणि आज एकाएकी येत नाही, शब्द सापडत नाहीत, तोंड वाकडे झाले आहे किंवा एक हात जड पडला आहे, असे असेल तर तो पक्षाघात असू शकतो. तेथे एक क्षणही दवडू नये. थेट रुग्णालय गाठावे. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत नव्याने आलेला गोंधळ जंतुसंसर्गाने, रक्तातील सोडियम वा साखर उतरल्यानेही होतो. त्यालाही त्याच दिवशी डॉक्टर हवा.

घरच्यांसाठी

डोनाल्ड नॉर्मन या अभ्यासकाने १९८८ साली रोजच्या वापरातील वस्तूंच्या रचनेवर एक पुस्तक लिहिले. वस्तू वापरता आली नाही की माणूस दोष स्वतःकडे घेतो, परंतु तो पुष्कळदा रचनेचा असतो, हा त्यातील विचार आहे. वृद्धांच्या बाबतीत दोष त्यांच्याकडे देण्यास घरचेही हातभार लावतात. ‘आप्पा, किती वेळा सांगायचे?’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. ते ऐकणारा दुसऱ्यांदा विचारीत नाही, आणि काही दिवसांनी लिहिणेही सोडतो. लिहिण्याबरोबर पत्रव्यवहार जातो, माणसांचा संपर्क जातो, दुपारचे चार तास रिकामे होतात. त्या रिकाम्या तासांचे दुष्परिणाम मग आमच्याकडे भूक मंदावल्याची आणि झोप बिघडल्याची तक्रार म्हणून येतात.

शिकविताना माउस आपल्या हाती घेऊ नये. आपण झटपट करून दाखविलेले त्यांच्या डोळ्यांना दिसते, पण बोटांना कळत नाही. त्यांच्याच हाताने, एका बैठकीत एकच गोष्ट करवून घ्यावी. दुसऱ्या दिवशी नवे सांगण्यापूर्वी कालचे पुन्हा करवून घ्यावे. पायऱ्या त्यांनी स्वतःच्या अक्षरांत, स्वतःच्या शब्दांत वहीत लिहाव्यात. चिन्हे आणि पट्टे बदलतात, पण कळफलकावरील काही आज्ञा कित्येक आवृत्त्यांमधून तशाच राहिल्या आहेत: कंट्रोलबरोबर ‘एस’ दाबले की जतन, ‘पी’ने छपाई, ‘सी’ने नक्कल, ‘व्ही’ने चिकटविणे आणि ‘झेड’ने नुकतेच केलेले मागे घेणे. ही शेवटची आज्ञा सर्वांत आधी शिकवावी. केलेले मागे घेता येते, हे एकदा कळले की भीती निम्मी होते. कंट्रोल दाबून धरून माउसचे चाक फिरविले की अक्षरे मोठी होतात, हेही दाखवून ठेवावे.

घरात नवा संगणक येणार असेल तर तो येण्यापूर्वीच वडीलधाऱ्यांच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. त्यांतील महत्त्वाच्या फाइली छापूनही ठेवाव्यात. कोणता फॉन्ट आणि कोणती कळरचना ते वापरतात, याची नोंद करावी. आणि नवे यंत्र बसविल्या दिवशीच जुने भंगारात देऊ नये. ते चालू असेल तर निदान दोन महिने शेजारी राहू द्यावे. ज्या दिवशी नव्यावर काम अडेल, त्या दिवशी त्यांना जुन्यावर बसून आपले पत्र पूर्ण करता येईल.